मदत हवी आहे : मुलाची मानसशास्त्रीय तपासणी नीट कुठे होईल?

माझा मुलगा नऊ वर्षांचा, मराठी माध्यमात चौथीत. तोंडी काहीही विचारा, धडाधड सांगतो. लिहायला बसला की 'परवा'चं 'पवरा' होतं, जोडाक्षर आलं की पेन्सिल थांबते आणि तो खोडरबरने कागद फाटेपर्यंत खोडत राहतो. बघवत नाही हो.

शाळेने सुचवलं म्हणून एका खासगी ठिकाणी नेलं. पाऊण तासात सगळं उरकलं, प्रश्न बहुतेक इंग्रजीतून. बुद्ध्यांक ७६, 'मंदगती' असा शेरा. वाचन-लेखनाची वेगळी चाचणी नाही, डोळे-कान तपासले का हेही कोणी विचारलं नाही. हा निष्कर्ष मला पटत नाही. लेकराला समजणाऱ्या भाषेत विचारलंच नाही, तर आकडा कसला धरायचा?

आम्ही पुण्यात राहतो. मराठीतून चाचण्या घेणारे, आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोणाच्या माहितीत आहेत का? ससून किंवा मुंबईत सायनच्या रुग्णालयात अध्ययन अक्षमतेची (बुद्धी असूनही वाचन-लेखन जड जाण्याची) तपासणी कोणी करून घेतली असेल, तर किती फेऱ्या झाल्या, कोणती कागदपत्रं लागली, कृपया सांगा. आणि आधीचा रिपोर्ट तिथे दाखवावा की कोऱ्या पाटीने जावं?