'अपसाइड डाउन' कॅटफिश घेताना जात ओळखायलाच हवी का?

पाणथळ (धागाकर्ता)
माझं मत ठाम आहे: ओळखायलाच हवी. दुकानात इंच-दीड इंचाचा ठिपक्याठिपक्यांचा कॅटफिश उलटा पोहताना दिसला की तो सिनोडॉन्टिस नायग्रिव्हेन्ट्रिस, असं दुकानदार सांगतो आणि आपण घरी आणतो. पण सिनोडॉन्टिस या आफ्रिकन कॅटफिशच्या गटातल्या कितीतरी जातींची पिल्लं उलटी पोहतात.

खरा नायग्रिव्हेन्ट्रिस मध्य आफ्रिकेतल्या काँगो नदीच्या खोऱ्यातला. पूल मालेबोपासून (किन्शासाजवळ नदी तळ्यासारखी पसरते ती जागा) किसांगानी शहरापर्यंत आणि कसाई, उबांगी या नद्यांत सापडतो. जेमतेम १० सेंटीमीटरपर्यंत वाढतो. त्याच्या नावाखाली सर्रास खपतो तो सिनोडॉन्टिस युप्टेरस मात्र नाईल, चाड, नायजर, व्होल्टा या खोऱ्यांतला, आणि निसर्गात ३० सेंटीमीटरपर्यंत जातो. तीन फुटी टाकीत पहिला आयुष्यभर सुखात राहील, दुसरा अडकून पडेल.

मासा उलटा असताना त्याचं पोट आणि पाठ शेजारी शेजारी ताडून बघा. नायग्रिव्हेन्ट्रिसचं पोट पाठीपेक्षा गडद असतं, काळपट तपकिरी. उलटं पोहताना पोट आकाशाकडे असतं, म्हणून वरून बघणाऱ्या पक्ष्याला ते गढूळ पाण्यात दिसत नाही. इतर माशांची पाठ गडद असते, त्याचंच हे उलट रूप. युप्टेरसच्या पिल्लाच्या अंगावर पट्ट्यांची जाळी असते. पुढे ती जाऊन ठिपके येतात आणि पाठीवरच्या फिनच्या काड्या दोऱ्यांसारख्या लांब होतात. डोकं मोठं, अंग आखूड आणि पोट तितकं काळं नसेल, तर तो सिनोडॉन्टिस काँट्रॅक्टस असू शकतो. तोही काँगोचाच आणि लहानच राहतो, त्यामुळे तो चालेल.

काचघर
पटलं नाही. इंचभराच्या पिल्लाची जात फोटोवरून सांगायला जाणकारही कचरतात. प्रवासाने घाबरलेला मासा पांढऱ्या दिव्याखाली रंग सोडून फिका पडतो, मग पोट कसं ताडणार? नवीन माणसाला एवढं सांगितलं की तो एक तर हिरमुसतो, नाहीतर चुकीची ओळख पटवून मोकळा होतो.

आणि शुद्ध जातीचा हट्ट धरला की मागणी नदीतून पकडलेल्या माशांची वाढते. नायग्रिव्हेन्ट्रिसची घरच्या टाकीत वीण क्वचितच होते. किन्शासाहून विमानात बसलेल्या माशापेक्षा फार्मवर वाढलेलं पिल्लू मला बरं वाटतं, मग ते संकर का असेना.

पाणथळ
संकराचाच तर प्रश्न आहे. फार्मवर हार्मोनची इंजेक्शनं देऊन दोन जातींची अंडी आणि वीर्य एकत्र करतात. ते पिल्लू किती वाढेल, कसं वागेल, याचा भरवसा कोण देणार? सहा इंचांचा झालेला संकर रात्री टेट्रासारखे छोटे मासे गिळू लागला की मालक तो दुकानात परत द्यायला जातो, आणि दुकानदार घेत नाही. नदीतला मासा पकडू नये हे मलाही मान्य आहे. पण त्यावर निनावी मासा विकणं हा उपाय नव्हे.

नवी टाकी
मध्येच विचारते, रागावू नका. आफ्रिकन कॅटफिशवर आपल्याकडे बंदी आहे ना? मग हा पाळता येतो का?

दगडगोटे
ताई, बंदी आहे ती क्लॅरियस गॅरिपिनसवर, म्हणजे बाजारात थाई मागूर म्हणतात त्यावर. केंद्र सरकारने ती २००० मध्ये घातली आणि राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये त्या माशांचे साठे नष्ट करायला सांगितले. सिनोडॉन्टिसचं कुळच वेगळं. पण एक हात जोडून विनंती: कंटाळा आला म्हणून कुठलाही मासा नदीत, तळ्यात सोडू नका. टाकीतल्या सकर माशाने उजनी धरणात काय केलंय ते तिथल्या मच्छीमारांना विचारा.

मूळ वादात मी काचघर यांच्या थोडा जवळ आहे. ओळख हवी, पण तिच्यावर सगळी चर्चा खर्ची पडते आणि मासा हाल सोसतो. हा एकट्याने ठेवायचा मासा नाही, चार-पाच तरी हवेत. तळाला बारीक वाळू टाका, कारण टोकदार खडीने मिशा झिजतात. आडवं पडलेलं ड्रिफ्टवूड (टाकीत ठेवायचं लाकूड) द्या, त्याच्या खालच्या बाजूला चिकटून मासा दिवस काढतो. खाणं दिवा बंद केल्यावर. आणि जाळीने पकडू नका! पाठीचा आणि छातीजवळचे काटे दातेरी असतात, ताठ होऊन अडकून बसतात. मग जाळी कापावी लागते. प्लास्टिकच्या डब्यात हाकलून घ्या.

तो सतत पृष्ठभागाला लागून उलटा दिसला, तर त्याचं कौतुक करण्याआधी एअर पंप बघा. १९९४ च्या एका अभ्यासात दिसलं होतं की प्राणवायू कमी झाला की उलटं पोहणाऱ्याला पृष्ठभागालगतचं पाणी घेणं सोपं जातं. टाकीत तशी वेळ येणं म्हणजे पाणी बिघडलंय.

ओळखीसाठी रंगापेक्षा कल्ल्यामागचं टोकदार हाड बघा. रंग फिका पडला तरी त्याचा आकार बदलत नाही. पण त्यासाठी मासा बाजूने, स्थिर आणि जरा मोठा हवा.

काचघर
हाडाचा मुद्दा चांगला आहे, पण तुम्हीच म्हणताय की मासा मोठा हवा. दुकानात मिळतं ते पिल्लू. म्हणून मी नवीन माणसाला एकच प्रश्न विचारायला सांगेन: हा केवढा होईल? उत्तर नीट आलं नाही तर घेऊ नका. जातीचं नाव नंतर कळलं तरी चालेल.

पाणथळ
काचघर, जात माहीत नसताना 'केवढा होईल' याचं नीट उत्तर दुकानदार देणार कशाच्या जोरावर?