महापुरात घर राखायला थांबणाऱ्यांना बाहेर कसं काढायचं? गस्तीबद्दल मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही शिरोळ तालुक्यातले, नदीकाठचे. पावसाळा तोंडावर आलाय आणि घरात एकाच गोष्टीवरून रोज वाद चाललाय, म्हणून लिहितेय.

२०१९च्या महापुरात माझे सासरे (मी त्यांना मामा म्हणते) घर सोडायला तयारच झाले नाहीत. चार रात्री स्लॅबवर काढल्या. २०२१ला हातापाया पडून त्यांना जयसिंगपूरला नणंदेकडे नेलं. परत आलो तर कुलूप जसंच्या तसं लटकत होतं, कोयंडा मात्र चौकटीतून उपसलेला. गॅसची टाकी, पाण्याची मोटार आणि सासूबाईंचं माहेरचं पितळी घंगाळ गेलं होतं. जमिनीवरच्या गाळात घंगाळाच्या बुडाचा गोल तेवढा उमटलेला. म्हणजे चोर पाणी उतरल्यावर आला, गाळ बसल्यावर.

आता मामांचं एकच म्हणणं: "नदीनं नेलं ते सोसतंय, माणसानं नेलेलं न्हाई. औंदा मी हलणार न्हाई." गल्लीत असे आणखी सात-आठ जण आहेत. कोल्हापूरजवळ पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना गेलं की इशारा, ४३ ला धोका. पण ही माणसं वाट बंद होईपर्यंत बसून राहतात, मग होडीशिवाय इलाज नसतो. ८ ऑगस्ट २०१९ला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला होडी उलटून किती जीव गेले, ते आपल्या भागात कुणाला सांगायला नको. चोरीची भीती गेली तर ही माणसं वेळेत निघतील, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून पाणी ओसरल्यापासून सगळी घरं परत येईपर्यंत रात्रीची गस्त ठेवायचा विचार आहे. पण मला धास्तीही आहे. पुरानंतर मदतीचे टेम्पो घेऊन कुठकुठली अनोळखी माणसं येतात, चांगल्या मनाने. १ जुलै २०१८ला धुळ्याच्या राईनपाड्यात नुसत्या अफवेवरून पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारलं. आमच्या पोरांच्या हातून असलं काही होता कामा नये. कुणी गस्त चालवली असेल तर सांगा: पोलिसांशी कसं बोललात, काठी द्यावी का, अनोळखी माणूस दिसला तर नेमकं काय करायचं? छावणीत रात्री बायका-पोरींच्या सोबतीला कोण असायचं?

प्रतिसाद:

ताई, आम्ही सांगलीत, कृष्णाकाठी. २०२१ला आमच्या गल्लीने केलं होतं. गस्तीवाल्यांची नावं, नंबर आधीच पोलीस ठाण्यात लिहून दिले. तुम्ही पोलीस पाटलांना बरोबर घेऊन जा. रात्री दहा ते दोन आणि दोन ते सहा, प्रत्येक पाळीला चौघं, त्यात एक तरी पन्नाशीचा. दारू प्यालेला दिसला की घरी. काठी नाही, बॅटरी आणि शिट्टी. अनोळखी माणसाला अंगाला हात लावायचा नाही. नाव, गाडी नंबर वहीत लिहायचा, संशय आला तर ११२. टेम्पोवाल्यांना शाळेपाशीच थांबवून सामान उतरवून घ्यायचो, गल्लीत सोडत नव्हतो. पाणी असताना मात्र रात्री होडी घालू नका, कितीही वाटलं तरी.

छावणीत संडासाच्या वाटेवर दिवा आणि दारापाशी बचत गटाच्या दोघी जाग्या, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडला.

आणि मामांना घरी बसवू नका, गस्तीच्या वहीवर बसवा. आमच्याकडे जे हलत नव्हते, तेच पाणी उतरल्यावर पहिल्या पाळीला आले.