मदत हवी आहे: ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० (१२ जीबी) की ४०६०?
मंडळी, ब्लेंडर (थ्रीडी चित्रं-अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर) शिकतोय, अधूनमधून गेमही खेळतो. पंधरा दिवस या दोन कार्डांत घोळ घालतोय.

कागदावर ४०६० पुढे. कोअर, म्हणजे गणितं करणारे भाग, कमी (३०७२, ३०६० चे ३५८४), पण क्लॉक, म्हणजे त्यांचा वेग, २.४६ गिगाहर्ट्झ, म्हणून १५ टेराफ्लॉप्स (सेकंदाला १५ लाख कोटी गणितं) विरुद्ध ३०६० चे पावणेतेरा. वीजही ११५ वॉट, ३०६० ला १७०. पण मेमरी ८ जीबीच, बँडविड्थ (मेमरीतून डेटा ये-जा करण्याचा वेग) २७२ जीबी प्रति सेकंद; ३०६० ची ३६०. ४०६० च्या मोठ्या एल२ कॅशने (चिपमधल्याच अतिजलद मेमरीने) ती कसर भरून निघते म्हणतात, पण सीनच (ब्लेंडरमधला थ्रीडी देखावा) ८ जीबीत मावला नाही तर कॅश काय चाटायची?

त्यात माझा मदरबोर्ड जुना, पीसीआयई ३.० वाला (पीसीआयई म्हणजे कार्ड बोर्डाला जोडणारा मार्ग), आणि ४०६० त्याच्या आठच लेन वापरतं, म्हणजे जुन्या बोर्डावर डेटाची ये-जा आणखी हळू. मोठे सीन कोणी रेंडर केलेत का (म्हणजे त्यांचं अंतिम चित्र काढलंय का) या कार्डांवर? प्रत्यक्षात किती फरक जाणवला?