मदत हवी आहे : टीपीएम चिप असलेले संगणक ग्रंथालयासाठी घ्यावेत का?

नमस्कार मंडळी,

अंबाजोगाई तालुक्यातील एका 'ब' वर्ग सार्वजनिक ग्रंथालयाचे काम मी पाहतो. आमचे चार संगणक जुने आहेत. विंडोज १० चे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले, आणि विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप या यंत्रांत नाही. म्हणून नवे संगणक घ्यावेत, असे कार्यकारी मंडळाचे मत आहे. माझा हात मात्र आखडतो आहे.

कारण असे की, एक नवा संगणक आम्ही आधी घेऊन पाहिला होता. गेल्या मे महिन्यात गावातल्या डीपीत बिघाड होऊन वीज एकाएकी जास्त दाबाने आली आणि त्याचा मदरबोर्ड जळाला. डिस्क शाबूत होती. ती लातूरला नेऊन दुसऱ्या यंत्राला जोडली, तर पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की (कुलूप उघडण्याची राखीव किल्ली) मागितली गेली. डिस्क कुलूपबंद (एन्क्रिप्ट केलेली) आहे हेच आम्हाला ठाऊक नव्हते. किल्ली जळालेल्या बोर्डावरच्या चिपशी बांधलेली, आणि तिची प्रत दुकानदाराने संगणक लावून देताना स्वतःच उघडलेल्या खात्यात. त्या खात्याचा पासवर्ड त्यालाही आठवेना. टंकलेली सगळी दाखल नोंदवही, म्हणजे ग्रंथालयात आलेल्या पुस्तकांची क्रमवार नोंद, गेली. मूळ वही कागदावर होती म्हणून निभावले.

लॅपटॉप चोरीला गेला तर हेच कुलूप उपकारक ठरते, हे मला मान्य आहे. टीपीएम स्वतःहून काही अडवत नाही, हेही मी वाचले आहे : संगणक सुरू होताना कोणकोणते सॉफ्टवेअर चढले याच्या खुणा ती टिपून ठेवते आणि विचारणाऱ्याला सहीनिशी दाखला देते. माझी शंका आहे ती या विचारणाऱ्याविषयी. उद्या एखाद्या ई-पुस्तक विक्रेत्याने 'आम्हाला मान्य असलेल्या प्रणालीचा दाखला असेल तरच पुस्तक उघडेल' अशी अट घातली, तर यंत्र आमच्या अनुदानातून घेतलेले असूनही साक्ष त्याच्या बाजूने देईल. मोबाइलवर याचा नमुना दिसतोच. वाइडवाइन ही चित्रपटांची नक्कल रोखणारी गूगलची कुलूप-व्यवस्था; तिची एल१ ही सर्वांत कडक पातळी नसलेल्या फोनवर काही सेवा चित्रपट कमी स्पष्टतेतच दाखवतात. आणि कुलूपबंद पुस्तकांचे काय होते, तर मायक्रोसॉफ्टने २०१९ साली आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले तेव्हा ग्राहकांना पैसे परत मिळाले, पुस्तके मात्र उघडेनाशी झाली. ग्रंथालयाने दाखल क्रमांक टाकलेले पुस्तक असे नाहीसे झाले, तर तपासणीला काय दाखवायचे?

आता विचारायचे ते असे. नव्या यंत्रात बायॉसमधून (संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅममधून) टीपीएम बंद ठेवून विंडोजऐवजी लिनक्स ही मुक्त प्रणाली चालवली, तर छपाई आणि मराठी टंकलेखनात अडचण येते का? विंडोज ११ च ठेवायचे झाल्यास डिस्कचे कुलूप पहिल्याच दिवशी कायमचे काढून टाकावे, की रिकव्हरी की कागदावर छापून तिजोरीत ठेवावी? बायॉस अपडेट केल्यावरही ती मागितली जाते, असे ऐकतो. कोणाचा अनुभव आहे का? शिवाय, प्रताधिकार कायद्याचे २०१२ साली आलेले कलम ६५अ हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडण्याबद्दल दोन वर्षांपर्यंतची शिक्षा सांगते. विकत घेतलेले पुस्तक आमच्याच दुसऱ्या संगणकावर उघडण्यासाठी कुलूप काढले, तर तो हेतू त्यात बसतो का, हे एखाद्या वकील सदस्याने सांगितल्यास बरे होईल.

जुन्या चारही यंत्रांत चौथ्या पिढीचे आय३ प्रोसेसर आणि ४ जीबी रॅम आहे. दरपत्रके आली आहेत आणि मंडळाची बैठक येत्या रविवारी आहे, तेव्हा शनिवारपर्यंत उत्तर मिळाले तर फार मदत होईल.