ग्राफिक कार्ड नको, यूपीएस घ्या
दादा, नवा कॉम्प्युटर कुठला घ्यावा विचारलंय आणि टॅली, एक्सेल आणि जीएसटी रिटर्न एवढंच काम म्हणताय, तर दुकानदार म्हणतोय म्हणून ग्राफिक कार्डावर पैसे घालू नका, इंटेलचा नवा आय३ नाहीतर आय५ प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी, एवढ्यात काम पळतंय बघा. इथं दुसऱ्या एकानं सहाव्या जनरेशनच्या जुन्या इंटेल प्रोसेसरचा सेकंडहँड सेट सुचवलाय तो मात्र नकोच, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचं किमान आठवं जनरेशन आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतंय.

लाईट गेल्यावर थोडा वेळ बॅटरीवर चालवणारा यूपीएस मात्र पाहिजेच. गेल्या पावसाळ्यात लाईट गेली आणि माझा टॅलीचा डेटाच करप्ट झाला, मी आणि बायको रात्री दोनपर्यंत बिलांचा गठ्ठा मांडून एकेक एन्ट्री परत मारत बसलेलो. ६०० व्हीएचा असला तरी सेव्ह करून बंद करण्यापुरता वेळ मिळतोय.

आणि कोल्हापुरात शाहूपुरीत तळमजल्याला बसणार असाल तर सीपीयू जमिनीवर ठेवूच नका, २०१९ ला आणि २०२१ ला पुराचं पाणी कुठवर आलं ते आपण बघितलंय. छोटा कॅबिनेट घ्या, पंचगंगा वाढायला लागली की वायरी काढून एकट्याला वर नेता येतोय.