पॅकेज बसवताना येणारे प्रश्न मराठीत हवेत – डेबकॉन्फबद्दल सल्ला द्या

पेठकर:
नमस्कार मंडळी. पुण्यात आम्ही चौघं मिळून पतसंस्थांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर करतो. डेबियन या लिनक्स प्रणालीसाठी पॅकेज बनवून आमच्याच रिपॉझिटरीतून (पॅकेजांच्या साठ्यातून) त्यांच्या शाखांना देतो. जुन्नर, भोर, मावळ इथे ते बसवणारे तिथलेच लिपिक असतात, म्हणून बसवताना डेबकॉन्फ (डेबियनची प्रश्न विचारणारी सोय) जे प्रश्न विचारतं ते मराठीतच हवेत असा माझा आग्रह आहे.

दोन ठिकाणी अडलोय. प्रश्नांच्या इंग्रजी टेम्प्लेटमधली स्पेलिंगची एक चूक सुधारली आणि नव्या आवृत्तीत तो प्रश्न सगळीकडे इंग्रजीत दिसायला लागला. पीओ फाइलमध्ये (भाषांतराच्या फाइलमध्ये) मराठी वाक्य तर जागेवर आहे! दुसरं, प्रश्न विचारणारी कॉन्फिग स्क्रिप्ट एका पायथन मॉड्यूलकडून शाखांची यादी घेते. माझ्या मशीनवर डीपीकेजीने (हाताशी असलेली पॅकेज फाइल थेट बसवणाऱ्या आदेशाने) बसवलं की सुरळीत. शाखेत नव्या मशीनवर एपीटीने (रिपॉझिटरीतून उतरवून बसवणाऱ्या आदेशाने) बसवलं की प्रीकॉन्फिगर (प्रश्न आधीच विचारून घेणं) जमलं नाही असा संदेश येतो आणि प्रश्न नंतर मध्येच उगवतो. भोरच्या बाई सुरुवातीला काही विचारलं नाही म्हणून काउंटरवर गेल्या. अर्ध्या तासाने येऊन बघतात तर सगळं तिथेच थांबलेलं. मॉड्यूल डिपेंड्समध्ये (सोबत लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीत) लिहिलेलं आहे. मग चुकतंय कुठे?

सिंहगड_पायथा:
दुसरं आधी घेतो, कारण त्यात बरेच जण फसतात. एपीटी सगळी पॅकेजं उतरवून घेतं आणि त्यातलं एकही उलगडण्याआधी कॉन्फिग स्क्रिप्ट चालवून प्रश्न विचारतं. त्या क्षणी तुमचं पायथन मॉड्यूल नव्या मशीनवर नसतंच. डिपेंड्सची हमी पोस्टइन्स्टसाठी (पॅकेज उलगडल्यानंतर चालणाऱ्या स्क्रिप्टसाठी) असते, कॉन्फिगसाठी नाही. तिथे फक्त इसेन्शियल (प्रत्येक मशीनवर असतातच अशी) पॅकेजं आणि डेबकॉन्फ यांवरच विसंबता येतं. स्क्रिप्ट पडली तरी एपीटी पुढे जातं आणि पोस्टइन्स्टच्या वेळी ती पुन्हा चालते, म्हणून प्रश्न मध्येच उगवतो. नुसत्या डीपीकेजीने बसवताना हा आधीचा टप्पाच नसतो, त्यामुळे तुमच्याकडे कधी दिसलं नाही. शाखांची यादी टेम्प्लेटमध्येच लिहा, नाहीतर हा प्रश्न सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडल्यावर विचारा. मी दुसरं करेन.

डिपेंड्समध्ये डेबकॉन्फ हाताने लिहू नका. मिस्क:डिपेंड्स व्हेरिएबल ठेवा, पॅकेज बांधायला मदत करणारा डेबहेल्पर त्यात डेबकॉन्फ किंवा डेबकॉन्फ-२.० असा पर्याय भरतो.

आता भाषांतर. इंग्रजी वाक्यात एक अक्षर बदललं तरी मराठी नोंदीवर फझी (पुन्हा तपासा अशी) खूण बसते आणि फझी नोंद पॅकेजमध्ये जात नाही. म्हणून मराठी डोळ्यांना दिसतं, पण वापरलं जात नाही. अर्थ तोच असेल तर नोंद वाचून खूण काढा. पॅकेज बांधायच्या रूल्स फाइलमधल्या क्लीनमध्ये डेबकॉन्फ-अपडेटपो (पीओ फाइली ताज्या करणारा आदेश) घाला आणि रिलीजआधी एमएसजीएफएमटीला (पीओ तपासणाऱ्या आदेशाला) आकडेवारी विचारा. एकही फझी उरली असेल तर रिलीज थांबवा.

जुनी_दौत:
यादी टेम्प्लेटमध्ये घेणार असाल तर चॉइसेसच्या (पर्यायांच्या ओळीच्या) आधी दोन अंडरस्कोर द्या, म्हणजे प्रत्येक पर्याय वेगळी नोंद होतो. एकच दिला तर सगळे पर्याय एका ओळीत येतात, आणि मराठीत एक स्वल्पविराम कमी-जास्त झाला की संख्या जुळत नाही. स्क्रिप्टला उत्तर मूळ इंग्रजीच मिळतं, त्यामुळे तुलना इंग्रजीशीच करा.

शब्दांबद्दलही कळकळीने सांगते. आमच्याकडे ‘विद्यमान डेटाबेस अधिलिखित करावयाचा आहे काय?’ असं होतं. एका शाखेतून फोन आला, ‘मॅडम, हो म्हणू का नाही?’ आता तिथे ‘जुन्या नोंदी पुसून नव्या भरायच्या का? पुसलेल्या परत मिळणार नाहीत.’ असं आहे. लिपिकाला एकदा वाचायला द्या, मगच पीओत घाला.

मावळवाट:
तपासताना एमआर_आयएन लोकेल (मशीनची मराठी भाषेची मांडणी) तयार आहे ना ते बघा. आणि ग्राफिकल डेस्कटॉपच्या टर्मिनलमध्ये तपासा, लिनक्सच्या साध्या कन्सोलवर देवनागरी उमटत नाही.

पेठकर:
सर्वांचे मनापासून आभार. सात नोंदी फझी निघाल्या, सगळ्या वाचून दुरुस्त केल्या. शाखेचा प्रश्न कॉन्फिगमधून काढून सॉफ्टवेअरच्या पहिल्या पडद्यावर नेला. कोऱ्या व्हर्च्युअल मशीनवर एपीटीने बसवून पाहिलं, उरलेले दोन्ही प्रश्न सुरुवातीलाच आले आणि मराठीत आले. ‘अधिलिखित’ आमच्याकडेही होतं. नवं वाक्य भोरच्या बाईंना पाठवलंय, त्यांचा होकार आला की आवृत्ती काढतो.