क्लिप ग्रुपवर कुणी टाकली?

मोहनराव (सेक्रेटरी): पार्किंगबद्दलचं माझं फोनवरचं बोलणं इथे टाकलंय. न सांगता रेकॉर्ड करणं गुन्हा आहे. क्लिप काढा, नाहीतर मी पोलीस स्टेशनला जातो.

अश्विनी ए-६०२: खुशाल जा काका. पार्किंगचे पैसे रोखीत कुणी मागितले ते सगळ्यांनी ऐकलंय.

वकीलकाका सी-७०१: मोहनराव, स्वतःचा कॉल टेप करणं गुन्हा नाही. मलकानी खटला, सुप्रीम कोर्ट, १९७२, महाराष्ट्रातलाच. पुरावा म्हणून चालायला आवाज ओळखता यावा, विषयाशी संबंध असावा, छेडछाड नसावी, एवढंच. दोघांच्या बोलण्यात तिसऱ्याने लाइन चोरून ऐकली, तर दूरसंचार कायदा २०२३, कलम ४२. ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २ कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

नाना ए-२०४: मूळ फोन जपून ठेवा. फॉरवर्ड क्लिपवर कोर्टात भिस्त ठेवू नका.

सुमनताई बी-१०१: आणि जिन्यातला गळका पाइप?

पराग सी-३०३: मोहनकाका, जाताना मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा 😄 पोलीस ठाणं ही सरकारी गुपितांच्या कायद्यातली (ऑफिशियल सीक्रेट्स अ‍ॅक्ट) 'प्रतिबंधित जागा' नाही, मुंबई हायकोर्टाचं नागपूर खंडपीठ, २०२२.

मोहनराव (सेक्रेटरी): चेष्टा पुरे.

वकीलकाका सी-७०१: अश्विनी, रेकॉर्ड करणं वेगळं आणि १२० जणांच्या ग्रुपवर टाकणं वेगळं. इथे बदनामीचा दावा तुझ्यावर उलटू शकतो. शिवाय ही ४० सेकंदांची कापलेली क्लिप आहे. कापली की हॅश, म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा, बदलतो. भारतीय साक्ष अधिनियम (नवा पुरावा कायदा) कलम ६३ च्या प्रमाणपत्रात तोच हॅश लिहावा लागतो, भाग 'अ' तू भरायचा, भाग 'ब' तज्ज्ञाने. जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात २०२० ला, जुन्या पुरावा कायद्याखाली, सुप्रीम कोर्टाने मूळ उपकरणच कोर्टात आणलं नाही तर प्रमाणपत्र सक्तीचंच ठरवलं.

नाना ए-२०४: तेच म्हणतोय. मूळ फोन जपा.

शैला बी-५०१: वकीलसाहेब, समोरच्यांचा बेल-कॅमेरा थेट आमच्या दारावर रोखलाय. त्याचं काय?

बी-५०२: तो लिफ्टवर आहे. शूजच्या रॅकवरून भांडून झालंय, आता कॅमेरा.

वकीलकाका सी-७०१: अ‍ॅपमध्ये प्रायव्हसी झोन असेल तर त्यांचं दार काळं करा, नसेल तर पाचरीसारखा तिरका स्टँड लावून कॅमेरा वळवा. आणि माइक बंद. जिन्यातलं बोलणं तुम्हाला कशाला हवंय?

सुमनताई बी-१०१: पाइप.

अश्विनी ए-६०२: हा मेसेज हटवला गेला आहे

अश्विनी ए-६०२: काढली. फोनमधूनही उडवली, झालं समाधान?

नाना ए-२०४: अगं फोनमधून कशाला!